विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसत नाही? आधी बायोसमधला मोड बघा, मग ड्रायव्हर

नवीन लॅपटॉप घेतला, पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला बसलो, भाषा निवडली, नेक्स्ट नेक्स्ट केलं, आणि जिथे पार्टिशनची म्हणजे डिस्कच्या भागांची यादी यायला पाहिजे तिथे काहीच नाही, खाली फक्त ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर लोड करा असं काहीतरी लिहिलेलं (ड्रायव्हर म्हणजे एखाद्या हार्डवेअरशी बोलायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर). इथे बरेच जण घाबरतात आणि एसएसडी डेड निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात. थांबा जरा. बहुतेक वेळा एसएसडी ठणठणीत असते, विंडोजच्या सेटअपला ती दिसत नाही एवढंच, आणि का दिसत नाही ते एकदा कळलं की काम अर्ध्या तासाचं आहे. डॉस किंवा फ्रीडॉसवाला (म्हणजे विंडोज न टाकता विकलेला) लॅपटॉप स्वस्त पडतो म्हणून घेणाऱ्यांना आणि असेंबल्ड पीसी बनवणाऱ्यांना तर हे सगळं स्वतःच करावं लागतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

आधी मोड म्हणजे काय ते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं स्वतःचं सेटिंग) साटा मोड किंवा स्टोरेज मोड असं काहीतरी असतं, साटा म्हणजे डिस्क जोडायची नेहमीची पद्धत, आणि त्यात आयडीई, एएचसीआय, रेड (दोन किंवा जास्त डिस्क एकत्र जोडून वापरणं) असे पर्याय दिसतात. आयडीई हा जुन्या काळातला, साटा डिस्क जुन्या पद्धतीची असल्याचं सोंग आणते म्हणजे जुन्या विंडोजला ती कळते, आता नवीन मशीनवर हा पर्याय सहसा नसतोच आणि असला तरी हात लावू नका. एएचसीआय म्हणजे साटा डिस्कशी बोलायची नवी पद्धत, इंटेलने २००४ मध्ये आणली, त्यात डिस्क एका वेळी ३२ कमांड रांगेत घेऊन सोयीच्या क्रमाने उरकते, शिवाय मशीन चालू असताना डिस्क काढघाल करता येते. विंडोज एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हरच नव्हता, सेटअप सुरू होताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागायचा, आणि गंमत म्हणजे फ्लॉपी जाऊन जमाना झाला तरी अजूनही इंटेलच्या या ड्रायव्हरला लोक एफ६ ड्रायव्हरच म्हणतात. व्हिस्टापासून एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो म्हणून तिथे काही त्रास नाही.

मग एनव्हीएमई. आजच्या लॅपटॉपमध्ये जी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी असते ती बहुतेक करून एनव्हीएमई असते. ती साटाच्या वाटेने जातच नाही, थेट पीसीआय एक्सप्रेसवर बोलते, २०११ मध्ये त्याचं पहिलं स्टँडर्ड आलं आणि एएचसीआयच्या एका रांगेऐवजी यात हजारो रांगा चालतात. विंडोज ८.१ पासून त्याचाही ड्रायव्हर आतच असतो (विंडोज ७ वर वेगळा हॉटफिक्स लागायचा). म्हणजे एएचसीआय असो की एनव्हीएमई, दोन्हीचे ड्रायव्हर विंडोज ११ मध्ये आहेत. तरी ड्राइव्ह दिसत नाही, मग अडतं कुठे?

अडतं व्हीएमडीपाशी. व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. हे मुळात इंटेलच्या सर्व्हरवाल्या झिऑन प्रोसेसरसाठी होतं, तिथे ढीगभर एनव्हीएमई ड्राइव्ह असतात, ते चालू सर्व्हरमधून काढायचे, रेडमध्ये जोडायचे, त्यासाठी. इंटेल कोअरच्या ११ व्या पिढीपासून ते लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येही आलं आणि बऱ्याच मॉडेलांत कारखान्यातूनच चालू करून देतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसवल्यासारखं आहे हे, एसएसडी आत फ्लॅटमध्ये व्यवस्थित बसलेली आहे पण वॉचमनशी बोलायची भाषा सेटअपला येत नाही म्हणून तो बाहेरूनच परत जातो. ती भाषा म्हणजे इंटेलचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर, थोडक्यात आयआरएसटी किंवा नुसतं आरएसटी.

आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे व्हीएमडी बंद करा, दुसरा म्हणजे ड्रायव्हर द्या. माझं मत विचाराल तर एकच एसएसडी असलेल्या घरच्या लॅपटॉपवर, आणि सगळं पुसून नवीन विंडोज टाकायचं असेल तर, सरळ बंद करा. विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर व्यवस्थित चालतो, पुढच्या वेळी फॉरमॅट मारताना परत हीच कटकट नको, आणि उद्या उबुंटू वगैरे लिनक्स टाकायचं मनात आलं तरी सोपं जातं, कारण उबुंटूचा इन्स्टॉलरसुद्धा आरएसटी चालू दिसलं की ते बंद करून या म्हणतो. पण, आणि हे पण मोठं आहे, लॅपटॉपवर आधीपासून विंडोज आहे आणि ते तसंच ठेवायचंय तर बायोसमध्ये जाऊन नुसतं बंद करून मोकळे होऊ नका, निळा स्क्रीन येईल, त्याचं खाली सांगतो.

बायोसमध्ये जायला मशीन चालू करतानाच बटण टकटक दाबत राहायचं. डेल, एसर, एसूसच्या लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर बहुतेक एफ२ आणि थिंकपॅडवर एफ१, असेंबल्ड पीसीच्या मदरबोर्डवर डिलीट. काही लॅपटॉपवर एफएन बटण सोबत दाबावं लागतं. आत गेल्यावर प्रत्येकाचा मेनू वेगळा. डेलमध्ये स्टोरेजखाली साटा एनव्हीएमई ऑपरेशन असतं, तिथे रेड ऑन असेल तर एएचसीआय एनव्हीएमई करायचं. एसूसमध्ये एफ७ दाबून अ‍ॅडव्हान्स्ड मोडला जा, तिथे व्हीएमडी सेटअप मेनू सापडेल, त्यात कंट्रोलर डिसेबल. एसरमध्ये मात्र लोक शोधून शोधून दमतात कारण पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर उभं राहून कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की तो उगवतो. मग एफ१० ने सेव्ह करून बाहेर. काही मॉडेलांत हा पर्यायच दिलेला नसतो, कितीही शोधा, मग दुसरा रस्ता.

दुसरा रस्ता म्हणजे ड्रायव्हर. दुसऱ्या एखाद्या चालू कॉम्प्युटरवर आपल्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जा, मॉडेल नंबर नाहीतर खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर टाका, आणि ड्रायव्हरच्या यादीत स्टोरेज, साटा किंवा चिपसेट अशा कुठल्यातरी कप्प्यात आयआरएसटी मिळेल. इंटेलच्या साइटवरही असतो पण प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे व्हर्जन बदलतं, म्हणून आपल्या मॉडेलच्या पानावरचाच घेतलेला बरा. आता इथे एक गफलत नेहमी होते. डाउनलोड झालेली फाइल असते एक्सई, लोक ती तशीच पेनड्राइव्हवर टाकतात आणि सेटअपमध्ये ब्राउझ करून बघतात तर काही दिसत नाही. सेटअपला एक्सई नको असते, त्याला आयएनएफ, एसवायएस, कॅट अशा सुट्या फाइली पाहिजेत. त्यामुळे एक्सई फोडावी लागते. बऱ्याच कंपन्यांची फाइल चालवली की एक्स्ट्रॅक्ट असा पर्याय येतो, नाही आला तर सेव्हन झिपने फोडून बघा. इंटेलची स्वतःची सेटअप आरएसटी नावाची फाइल असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची काळी खिडकी) त्या फाइलचं नाव, मग स्पेस, मग डॅश लावून एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स हे एकाच शब्दात, परत स्पेस आणि नवीन फोल्डरचं नाव असं टाइप केलं की ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येतात. ते अख्खं फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर कॉपी करून टाका, वेगळा पेनड्राइव्ह लागत नाही.

(पेनड्राइव्ह कमीतकमी ८ जीबीचा, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला. मित्राकडून आणलेला, त्यात आधीच सगळं भरलेलं आहे असा कुठलातरी पॅक केलेला विंडोज घेऊ नका, त्यात काय काय भरलंय ते कोणालाच माहीत नसतं.)

मग सेटअपमध्ये जिथे यादी कोरी होती तिथे लोड ड्रायव्हर, ब्राउझ, ते फोल्डर. खाली सुसंगत नसलेले ड्रायव्हर लपवा अशी टिक असते ती राहू द्या, म्हणजे आपल्या मशीनला लागणारंच दिसेल. यादीत इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर आणि पुढे चार अक्षरी कोड असं येतं, ११ व्या पिढीवर ९ए०बी, १२ व्यावर ४६७एफ असं काहीसं. ते निवडून नेक्स्ट, दोन सेकंदात एसएसडी समोर. यादीत काहीच नाही आलं तर बहुधा चुकीच्या पिढीचा ड्रायव्हर उतरवलाय किंवा फोल्डर एक पायरी वरचं निवडलंय.

एएमडी रायझनवाल्यांना हे व्हीएमडीचं लफडं नाही. तिथे फक्त कोणी बायोसमध्ये रेड चालू करून ठेवलं असेल तर ड्रायव्हर लागतात, आणि तेही एक नाही तीन, आरसीबॉटम, मग आरसीरेड, मग आरसीसीएफजी, याच क्रमाने. रेड वापरायचंच नसेल तर बंद करा आणि विसरा.

रेडवरून आठवलं, असेंबल्ड पीसी घेताना दोन सारख्या डिस्क आहेत तर रेड करून टाकू असा मोह होतो. रेड ० मध्ये दोन डिस्क जोडून एक मोठी आणि वेगवान दिसते पण दोनातली एक गेली की सगळा डेटा गेला. रेड १ मध्ये दोन्हीवर तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी आहे, पण जागा अर्धी, आणि चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीवरून एकदमच उडते, त्यामुळे तो बॅकअप नाही. घरी फोटो आणि ऑफिसच्या फाइली ठेवायच्या तर मला विचाराल तर एएचसीआय ठेवा आणि दुसरी डिस्क बाहेरची घेऊन तिच्यावर कॉपी मारत जा.

पार्टिशनचं बोलू. डिस्क दिसते पण या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, एमबीआर टेबल (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) आहे असं म्हणतोय, ही तक्रार जुन्या पीसीतली डिस्क नव्यात लावली की हमखास येते. नवीन मशीन यूईएफआय (बायोसची नवी पिढी) मोडमध्ये चालतं आणि त्याला जीपीटी पद्धतीची डिस्क पाहिजे, जुनी एमबीआर २ टीबीच्या पुढची जागा वापरूच देत नाही. बायोसमध्ये सीएसएम किंवा लेगसी (जुन्या बायोसची पद्धत) असं काही चालू असेल तर ते बंद करा, लेगसी चालू करून काम भागवू नका, कारण विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. बूट मेनूमध्ये (डेल, लेनोवो, एसरला एफ१२, एचपीला एफ९, एसूस लॅपटॉपला एस्केप) तोच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडायचा.

डिस्कवरचा डेटा नको असेल तर सेटअपमध्येच शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल, डिस्कपार्ट टाइप करा, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि आपल्या डिस्कचा नंबर, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन म्हणजे खरंच साफ, विचारत नाही, एंटर दाबला की गेलं, त्यामुळे नंबर साइजवरून दोनदा ताडून बघा, ५१२ जीबीची एसएसडी तिथे ४७६ जीबी दिसते आणि १ टीबीची ९३१, कंपनी दशमानात मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबात, चोरी वगैरे काही नाही. डेस्कटॉपमध्ये एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क दोन्ही असतील तर मी हार्ड डिस्कची केबल काढूनच विंडोज टाकतो. एकतर चुकीची डिस्क पुसायची भीती नाही आणि दुसरं म्हणजे विंडोज कधी कधी बूटचं पार्टिशन त्या दुसऱ्याच डिस्कवर नेऊन ठेवतं, मग दोन वर्षांनी ती हार्ड डिस्क काढली की मशीन उठतच नाही आणि कारण डोक्यात येत नाही.

रिकामी जागा निवडून सरळ नेक्स्ट करा, विंडोज स्वतःच १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं एमएसआर आणि रिकव्हरीचं पार्टिशन बनवून घेतं. सी १०० जीबीचा आणि बाकी डी, ई, एफ असे तुकडे पाडायची आपल्याकडे जुनी सवय, पण १०० जीबी आता अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डेटातच भरतात आणि मग सी लाल, डी रिकामा. पाडायचेच तर दोन पाडा, सी ला भरपूर जागा द्या.

विंडोज बसलं. आता नेट लागेल आणि नेमका वायफायचा ड्रायव्हर नाही, ही पुढची अडचण. सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज त्याला लॅनसारखं ओळखतं आणि बहुतेक वेळा काही टाकावं लागत नाही. नाहीतर आधीच वायफायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर फोडून ठेवा, सेटअपच्या नव्या व्हर्जनमध्ये नेटवर्कच्या पानावर ड्रायव्हर टाकायचं बटणही आलंय. एक यूएसबी माउस जवळ ठेवा, कारण बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये सिरीयल आयओ नावाचा ड्रायव्हर बसेपर्यंत टचपॅड मेलेलाच असतो.

ड्रायव्हर टाकायचा क्रम मी असा ठेवतो, आधी चिपसेट, मग सिरीयल आयओ आणि व्हीएमडी चालू ठेवलं असेल तर आयआरएसटी, मग लॅन वायफाय, मग ग्राफिक्स, आवाज सगळ्यात शेवटी. त्यानंतर विंडोज अपडेट चालवा आणि अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स असतात तेही बघा, राहिलेले बरेचसे तिथे मिळतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तरीही पिवळी खूण असेल तर त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यात व्हेन नंतरचा कोड म्हणजे कंपनी, ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ किंवा १०२२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक. तेवढं कळलं की लॅपटॉपच्या पानावर कुठला ड्रायव्हर राहिला ते लगेच सापडतं. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, चांगला चालणारा ड्रायव्हर काढून दुसऱ्याच मॉडेलचा टाकतात आणि वर पैसे मागतात.

मोड नक्की कुठला चालू आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्येच कळतं, स्टोरेज कंट्रोलर्समध्ये स्टँडर्ड एनव्हीएम एक्सप्रेस कंट्रोलर दिसला तर विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर, इंटेल आरएसटी व्हीएमडी दिसलं तर वॉचमन अजून गेटवर आहे. आणि नवीन जोडलेली दुसरी डिस्क धिस पीसीमध्ये दिसत नसेल तर घाबरू नका, कोरी डिस्क तिथे दिसतच नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, इनिशियलाइज, जीपीटी, मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, झालं.

आता तो निळा स्क्रीन. विंडोज व्हीएमडी किंवा रेड मोडमध्ये बसलेलं आहे, आणि तुम्ही नंतर बायोसमध्ये एएचसीआय केलं, की इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. घाबरून फॉरमॅट करू नका, मोड परत होता तसा केला की विंडोज पहिल्यासारखं उठतं. विंडोज न पुसता मोड बदलायचाच असेल तर पद्धत अशी. पहिलं काम, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा, विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन सेटअप केलं की ते आपोआप चालू होतं आणि लोकांना पत्ताच नसतो. मोड बदलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून आधी बघून कागदावर लिहून ठेवा, प्रो एडिशन असेल तर बिटलॉकर सस्पेंडही करा. दुसरं, अकाउंटचा पासवर्ड आठवतोय ना ते बघा, सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन विंडोज उठतं ते) पिन कधी कधी चालत नाही. मग रनमध्ये (विंडोज आणि आर बटण एकत्र दाबलं की उघडतं) एमएसकॉन्फिग टाइप करा, बूट टॅब, सेफ बूट, मिनिमल, ओके, रीस्टार्ट, आणि विंडोज उठायच्या आत थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदला. सेफ मोडमध्ये मशीन उठलं म्हणजे विंडोजने नवा ड्रायव्हर उचलला, परत एमएसकॉन्फिगमध्ये ती सेफ बूटची टिक काढा आणि रीस्टार्ट. डिस्क खरोखरच रेडमध्ये जोडलेल्या असतील तर मात्र हे करू नका, तिथला डेटा जाईल.

एवढं सगळं करून व्हीएमडी बंद आहे, मोड एएचसीआय आहे, आणि बायोसच्या स्वतःच्या स्टोरेजच्या यादीतसुद्धा एसएसडीचं नाव नाही, तर मग ड्रायव्हरचा प्रश्नच नाही. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल काढा, काही बोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात, आणि काही स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतात, तिथे एम.२ साटा एसएसडी बसते अगदी नीट पण दिसत नाही. स्लॉट बरोबर असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून एसएसडी परत घट्ट बसवा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडू नका, बायोसच्या त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा आणि बिल घेऊन सरळ सर्व्हिस सेंटरला जा.